पाचव्या गोलचे काय करायचे?

4 डिसेंबर 2023 रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कॅरी या गावी अमेरिकेच्या महाविद्यालयीन महिला फुटबॉलचा राष्ट्रीय अंतिम सामना झाला. फ्लोरिडा स्टेट आणि स्टॅनफर्ड हे दोन्ही संघ त्या हंगामात तोवर एकदाही हरलेले नव्हते. कागदावर याहून तोडीस तोड जोडी सापडणे कठीण. निकाल लागला 5-1. स्टॅनफर्डचा त्या हंगामातला तो एकमेव पराभव, आणि तोही नेमका शेवटच्या दिवशी, साऱ्या देशादेखत. याच मैदानावर वीस वर्षांपूर्वी, 2003 च्या डिसेंबरात, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुलींनी कनेक्टिकटचा 6-0 असा धुव्वा उडवला होता आणि सत्तावीसपैकी सत्तावीस सामने जिंकून हंगाम संपवला होता. मैदानाला तेव्हा गावातल्याच सॅस या सॉफ्टवेअर कंपनीचे नाव होते, आता वेकमेड या रुग्णालय-संस्थेचे आहे. असे सामने सगळीकडे होतात. इंग्लंडच्या एफ.ए. कपच्या अंतिम सामन्यात 1903 साली बरीने डर्बी काउंटीला 6-0 ने हरवले; त्या फरकाची बरोबरी व्हायला 2019 साल उजाडावे लागले, मँचेस्टर सिटीने वॉटफर्डला लोळवले तेव्हा. आपल्याकडे 2025 च्या ड्युरँड कपात नॉर्थईस्ट युनायटेडने पहिल्यांदाच या स्पर्धेत उतरलेल्या डायमंड हार्बरवर 6-1 अशी मात केली. अशा प्रत्येक सामन्यात एक क्षण येतो, जेव्हा तटस्थ प्रेक्षकाच्या पोटात कालवाकालव सुरू होते. निकाल तर लागल्यात जमा आहे, मग आणखी गोल कशाला? जिंकलात ना, आता पुरे करा की.

ही कालवाकालव मला क्षुल्लक वाटत नाही. तिच्यामागे एक जुना धार्मिक संस्कार आहे: पडलेल्यावर वार करू नये, बलवानाने हात आखडता घ्यावा, दया हे धर्माचे मूळ. कॅरी आणि शेजारचे मॉरिसव्हिल ही रिसर्च ट्रँगल परिसरातली गावे. आयटी आणि औषधकंपन्यांमुळे इथे भारतीय घरे भरपूर, त्यांत मराठीही. वेंकटेश्वर मंदिराचे 87 फुटी गोपुर 2022 मध्ये कॅरीतच उभे राहिले. शनिवारी सकाळी मुले सॉकरला, रविवारी बालविहारच्या संस्कारवर्गाला, असा कार्यक्रम असलेल्या घरांत हा प्रश्न दोन्ही दिवशी उभा राहू शकतो. मैदानावर तर त्याचे उत्तर रूढीने ठरूनच गेलेले आहे. मुलांच्या सामन्यात चार-पाच गोलांची आघाडी झाली की प्रशिक्षक कडेवरून ओरडून सांगतो: आता पाच पास झाल्याशिवाय शॉट नाही, किंवा ज्याला उजवा पाय चांगला आहे त्याने डाव्यानेच मारायचे. कडेला घडीच्या खुर्च्यांवर बसलेले आईबाप मान डोलावतात. अनेक शालेय स्पर्धांत ठरावीक फरक झाला की सामना आटोपता घेण्याचा नियमही असतो. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या मुलांच्या एका लीगने 2010 साली तर कमालच केली: पाचहून अधिक गोलांनी जिंकणारा संघ हरला असे धरायचे. त्यावर गदारोळ झाला, पण त्या नियमाने एका भल्या भावनेचे टोक काय असते ते दाखवून दिले. माझे म्हणणे असे की मोठ्यांच्या अंतिम सामन्यात हात आखडता घेणे याला दया म्हणता येत नाही. समभावही म्हणता येत नाही. समभाव मागायचा असेल तर तो पाचवा गोल मारणाऱ्यांकडे नव्हे, मोजणाऱ्यांकडे मागायला हवा.

आधी या पाचव्या गोलची किंमत काय ते पाहू. साखळी सामन्यांत जादा गोलांना भाव असतो. गुण सारखे झाले तर गोलफरकावर पुढचा प्रवेश ठरतो, म्हणून तिथला पाचवा गोल हा व्यवहार आहे. अंतिम सामन्यात तो हिशेबच नसतो. 1-0 ने जिंकणाऱ्याला जो कप मिळतो तोच 5-1 ने जिंकणाऱ्याला. अमेरिकन महाविद्यालयीन सामन्यात घड्याळ उलटे चालते, पंचेचाळीस मिनिटांवरून शून्याकडे. फलकावर शेवटची दहा मिनिटे एकेक सेकंदाने उतरत असताना, चार गोलांनी पुढे असलेल्या मुलीने उजव्या बगलेवरून पन्नास यार्ड जीव तोडून धावावे, यात तिच्या संघाच्या पदरात पडण्यासारखे काहीही उरलेले नसते. एरवी सगळ्या खेळावर फळाची सावली असते. ती नाहीशी झाली की उरते ते कर्म, आणि ते कसे केले जाते एवढेच पाहायला मिळते. टीकाकार ज्या गोलला निरर्थक म्हणून हिणवतात, तो फळाशिवायच्या कर्माच्या इतका जवळ जातो की गीतेच्या वाचकाने तरी त्याला निरर्थक म्हणताना थोडे थांबावे.

यावर लगेच कोणी म्हणेल, फळ नाही कसे? स्वतःच्या नावावर एक गोल जास्त, वृत्तपत्रात एक ओळ जास्त, व्यावसायिक संघांच्या निवडीत एक पायरी वर. आणि समोरच्याला खिजवण्याचा आनंद वेगळाच. हे खरे आहे. एकच धाव निर्मळ असू शकते आणि मत्सरीही, आणि गॅलरीतून पाहणाऱ्याला त्या दोहोंतला भेद दिसणार नाही. पण मग आक्षेप हेतूवर आहे, गोलवर नाही. हेतूचा दोष पहिल्या गोललाही लागू शकतो. फक्त तिथे आपण तो शोधायला जात नाही, कारण तिथे आपलीही उत्कंठा गुंतलेली असते. खिजवणे वेगळ्या खुणांनी ओळखू येते: हरणाऱ्यांच्या बाकासमोर जाऊन केलेला नाच, चेंडू पायाखाली दाबून उभे राहून केलेली थट्टा, नुसती टोलवाटोलवी करत प्रेक्षकांकडून प्रत्येक पासवर वदवून घेतलेला जल्लोष. यातल्या शेवटच्या प्रकारात एकही गोल होत नाही, आणि तरी तोच सर्वांत जिव्हारी लागतो. गोल थांबवल्याने अपमान थांबतो असे समजणाऱ्यांनी अशी दहा मिनिटे एकदा पाहावीत.

समभावाचा अर्थ कर्म सैल करणे असा घ्यायचा का, हा वाद मराठीत शंभर वर्षांपूर्वीच नीट मांडला गेला आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त साम्यबुद्धी हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि त्यांचा रोख स्पष्ट आहे: सम व्हायची ती बुद्धी, हात नव्हेत. जय-पराजय, लाभ-हानी सारखे मानून युद्धाला उभा राहा असे अर्जुनाला सांगितले जाते. सारखेच आहेत तर अर्धवट लढ असे कोणी सांगत नाही. या कसोटीवर मैदानावरच्या दयेची परीक्षा करून पाहा. चार गोलांची आघाडी घेतलेल्या संघाने वेग कमी करावा असे ज्याला वाटते, तो गोलफलकाकडे पाहून बोलत असतो. 0-0 असताना ज्या पासला तो टाळ्या वाजवत होता, तोच पास 4-0 असताना त्याला क्रूर वाटू लागतो. पास बदललेला नाही, आकडा बदललेला आहे. आकड्याप्रमाणे कर्माचे मोल ठरवणे, नेमकी हीच सवय गीता मोडू पाहते. हात आखडता घेणारा खेळाडूही त्याच सवयीतून वागत असतो. फळ पदरात पडले, आता कर्माची गरज नाही, हाच त्याच्या औदार्याचा खरा मजकूर.

इथे एक चांगला आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जय आणि पराजय खरोखरच सारखे वाटत असतील तर माणूस खेळेल कशाला? फुटबॉलचा सामना ही दोन संघांची जिंकण्याची इच्छाच असते. ती काढून टाकली तर बावीस जणांचा व्यायाम उरतो. या कोड्यावर बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 1978 च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात केलेला विचार मला उपयोगी वाटतो. त्याच्या मांडणीचा आशय असा की खेळणारा माणूस मुद्दाम अडचणीचा मार्ग पत्करतो, आणि तो नियम पाळतो ते त्यामुळे खेळ शक्य होतो एवढ्यासाठीच. चेंडू हाताने उचलून जाळ्यात टाकणे कितीतरी सोपे, पण तसे केले की हवी असलेली गोष्टच हातची जाते. म्हणजे जिंकण्याची इच्छा खेळाच्या आत जन्मते आणि आतच संपते. सीमारेषेच्या आत ती उत्कट असावी, सीमारेषेबाहेर तिने काही मागू नये. दोन मजल्यांवरच्या या इच्छा एकमेकींना छेद देत नाहीत. निकोलस डिक्सनने 1992 साली याच प्रश्नावर लिहिलेल्या लेखात गोल वाढवत नेण्यात मुळात काही अनुचित नाही अशी बाजू घेतली, आणि त्याचा कणा हाच होता: मोठ्या फरकाने हरलेला माणूस माणूस म्हणून उणा होत नाही. रँडॉल्फ फीझेलसारख्यांनी त्याला हटकले, कारण प्रत्यक्षात हरलेल्याला उणे वाटते. मला वाटते डिक्सनचे म्हणणे बरोबर आहे, पण त्याने दिलेला आधार अपुरा आहे. हरलेला उणा का होत नाही, याचे कारण अधिक खोल सापडते.

ते गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. कोणत्याही कर्माची पाच कारणे तिथे सांगितली आहेत: ते ज्यावर उभे राहते ते अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवे दैव. एवढे असताना केवळ मीच केले असे जो मानतो त्याला समज नाही, असा निर्वाळाही लगेच दिला आहे. आता 2003 चा तो 6-0 या पाचांवर पसरून पाहा. मैदान कॅरीचे, जिंकणाऱ्या विद्यापीठाचे चॅपल हिल तिथून अर्ध्या तासाच्या अंतरावर, म्हणजे घरचेच म्हणा ना. साधनांचे बोलायचे तर शिक्षणात स्त्री-पुरुष भेद करायला बंदी घालणारा टायटल नाइन हा कायदा अमेरिकेत 1972 साली आला, आणि बहुतेक विद्यापीठे मुलींच्या फुटबॉलवर पैसा खर्चावा की नाही याचा विचारच करत होती तेव्हा, 1979 साली, अँसन डॉरन्स यांच्या हाती इथला महिला संघ दिला गेला. 1982 ला आताची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि पहिलीच त्यांनी जिंकली. 2003 चे विजेतेपद सतरावे होते. लवकर सुरुवात केलेल्याकडे चांगल्या मुली येतात, त्या आल्या म्हणून आणखी येतात. त्या दिवशी कनेक्टिकटच्या बचावफळीसमोर अकरा मुली नव्हत्या, चोवीस वर्षे उभी होती. यात त्या अकरा जणींची मेहनत खोटी ठरत नाही. कर्ता हे पाचांतले एक कारण आहेच. पण सहा गोलांची नामुष्की हरलेल्या मुलींच्या माथी मारायची तर ते सहाच्या सहा गोल त्यांच्या एकट्या कर्तृत्वातून निपजलेले असायला हवेत. तसे ते नाहीत. विजेत्याच्या गर्वातून जी हवा ही पंचकारणांची यादी काढून घेते, तीच हवा पराभूताच्या लाजेतूनही निघून जाते. खेळाच्या मानसशास्त्राचे पुष्कळ सल्ले या एका यादीपुढे उथळ वाटतात, असे माझे प्रामाणिक मत आहे.

कोणी म्हणेल, गीता ही रणभूमीवर सांगितलेली. चेंडूच्या खेळाला ती लावणे म्हणजे मुंगी मारायला तोफ आणणे. हरकत नाही, खेळाचाच दाखला घेऊ. भागवताच्या दहाव्या स्कंधात भांडीरवडाजवळ गोपबाळांचे दोन गट पडतात, एक कृष्णाचा, एक बलरामाचा, आणि अट अशी की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला पाठीवर घेऊन जायचे. कृष्णाचा गट हरतो. जगाचा भार वाहणारा देव श्रीदाम्याला पाठुंगळी घेऊन निघतो. तो देव आहे म्हणून त्याला कोणी सूट दिली नाही आणि तोही मागत नाही. श्रीदामाही संकोचून खाली उतरत नाही. त्याने तसे केले असते तर खेळाचा अपमान झाला असता, आणि देवाचाही. वारकरी संतांनी चेंडूफळी, विटीदांडू, हुतुतू अशा खेळांवर रचना केल्या त्या उगीच नाहीत. हरण्याची भूमिका मनमोकळेपणाने वठवता येणे ही त्यांच्या लेखी भक्तीची तालीम होती. आता याच्याशेजारी दुसरा एकतर्फी सामना ठेवा: हस्तिनापूरची द्यूतसभा. युधिष्ठिर एकामागून एक डाव हरत जातो. तिथे कोणीतरी थांबवायला हवे होते. विदुराने ते सांगितलेही, कोणी ऐकले नाही. आंधळा धृतराष्ट्र मात्र हर्ष न लपवता पुन्हा पुन्हा विचारत राहिला, काय जिंकले, काय जिंकले. दोन्हीकडे एक बाजू हरते आहे. फरक असा की गोकुळात हरल्याची शिक्षा वडापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. हस्तिनापुरात पटावरचा आकडा पटाबाहेर येऊन राज्य, भाऊ, बायको गिळत जातो, शिवाय फासे कपटाचे आणि पटावरून उठण्याची मुभा नाही.

हा फरक हाती आला की मुलांच्या सामन्यातला तो डाव्या पायाचा नियमही आपल्या जागी बसतो. आठ वर्षांच्या मुलाला सीमारेषा आखता येत नाही. तो 0-9 घरी घेऊन जातो, ताटावर घेऊन बसतो, सोमवारी शाळेत नेतो. त्याच्यासाठी मैदान अजून गोकुळ झालेले नसते, म्हणून मोठ्यांनी मध्ये पडून ते सावरायचे. तिथे प्रशिक्षक खेळ शिकवत असतो आणि पाच पासांची अट हा शिकवण्याचाच भाग आहे. पण एकवीस वर्षांच्या, देशभरातून निवडून आलेल्या, आपखुशीने मैदानात उतरलेल्या खेळाडूला तीच सवलत देऊ करणे म्हणजे तिला आठ वर्षांची ठरवणे. स्टॅनफर्डच्या मुलींना त्या रात्री कोणी पाच पासांची अट घालून खेळवले असते, तर हंगामभर अजिंक्य राहिलेल्या संघाला 5-1 पेक्षा ते खचितच जास्त झोंबले असते. मात्र मोठ्यांच्या खेळातही आकडा पटाबाहेर सांडतो, हे नाकारता येणार नाही. एका सामन्यावरून प्रशिक्षकाची नोकरी जाते, समाजमाध्यमांवर पोरींची नावे घेऊन शिव्या दिल्या जातात. तिथे द्यूतसभेचा वास येतोच. पण त्यावर उपाय सांडणारी भोके बुजवण्याचा आहे. सभेत धृतराष्ट्राची जागा घेणारे आपण, खुर्चीतले, त्यात आधी येतो.

हरणाऱ्याच्या बाजूने बोलायचे तर ते हरलेल्याने बोलावे. त्या दृष्टीने हेदर ओरायलीचे उदाहरण विलक्षण आहे. 2003 च्या त्या 6-0 विजेत्या संघात ती पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी होती. पुढे अमेरिकेकडून विश्वचषक आणि ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकून ती निवृत्त झाली, आणि 2023 च्या उन्हाळ्यात कॅरीच्याच मैदानावर ‘द सॉकर टूर्नामेंट’ या सात-सात जणांच्या, विजेत्याला दहा लाख डॉलर देणाऱ्या स्पर्धेत माजी महिला खेळाडूंचा संघ घेऊन पुरुषांच्या संघांविरुद्ध उतरली. रेक्सॅमने त्यांना 12-0 असे हरवले. खिल्ली उडवणाऱ्यांना तो आकडा आयताच मिळाला. पण ती स्पर्धा त्यांच्यावर कोणी लादलेली नव्हती. काय होऊ शकते हे ठाऊक असूनच त्या आल्या होत्या, आणि बारावा गोल खाईपर्यंत खेळत होत्या. रेक्सॅमवाल्यांनी सातव्या-आठव्या गोलनंतर हात आखडले असते तर या बायकांनी जे मागितले होते तेच त्यांना नाकारले गेले असते. पुढच्या वर्षीपासून त्या स्पर्धेत महिलांचा स्वतंत्र गट आणि तितकेच बक्षीस सुरू झाले, पण मी त्याला 12-0 चे फळ म्हणून दाखवणार नाही. तो सामना त्याशिवायही पुरेसा होता. सहा गोल मारताना आणि बारा खाताना एकाच माणसाने एकाच गावात सारखीच धाव घेतली, याहून समभावाचा जास्त शास्त्रोक्त दाखला मला तरी ठाऊक नाही.

राहता राहिला राखीव खेळाडूंचा मुद्दा. आघाडी मोठी झाली की प्रशिक्षक मुख्य खेळाडूंना बाहेर काढून बाकावरच्यांना उतरवतो, आणि समालोचक त्याला समोरच्यावर केलेली मेहेरबानी म्हणतात. मेहेरबानी कसली? ज्या मुलीने ऑगस्टपासून रोज सराव केला आणि हंगामभर मोजून थोडी मिनिटे खेळायला मिळाली, तिला राष्ट्रीय अंतिम सामन्यात पंधरा मिनिटे मिळणे हा तिचा हक्क आहे. आणि तिला गोल मारायची संधी आली, तर अंगणात आलेला तो चेंडू तिने सोडून द्यावा असे तिला सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही, समोरच्या गोलरक्षक मुलीलाही नाही. ती तो अडवायला झेप घेणारच आहे.